पानामागची पांढरी माशी

१२ जानेवारी २०१४, पेण

पोपटीच्या जेवणाला माझ्या शाळेतल्या सात जणी आल्या होत्या. माझ्या म्हणजे माझ्या. बत्तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर शिकवलं. वालाच्या शेंगा मी निवडल्या, भांबुर्ड्याचा पाला मी आणवला, मडकं मी लावलं. आणि सातही जणी माझ्या धाकट्या बहिणीच्या, लतिकाच्या, मिरच्यांचं कौतुक करत घरी गेल्या. मी मोजलं. सातच्या सात.

मिरची चांगली आहे, नाही कोण म्हणतं? बोटाच्या पेरापेक्षा लहान, आभाळाकडे तोंड करून लागणारी, आणि ठेचली की शेजारच्या गणपतींच्या कारखान्यापर्यंत वास जातो. पण मडकं उतरवल्यावर शेंगा नीट शिजल्यात की नाहीत, हे एकीनेही सांगितलं नाही.

मागल्या जूनमध्ये लतिकाचा नवरा महादेव गेला आणि ती रोह्याहून माझ्याकडे आली. सोबत दोन बॅगा आणि मिरचीची तीन रोपं. महादेव धाटावच्या कंपनीत होता. शिफ्ट करून आला की आधी मिरच्यांना पाणी घालायचा, मग चहा. बी त्याने कुठून आणलं होतं कोण जाणे. राखलेल्या सुक्या मिरच्यांना पावसात बुरशी लागली, म्हणजे आता त्याचं जे काही बी उरलंय ते या तीन झाडांतच.

आल्यावर दोन महिने लतिकाने स्वतःचे केस विंचरले नाहीत. मी विंचरायचे. चहा मी हातात द्यायचे, गोळ्या मी काढून ठेवायचे. तिचं मन रमावं म्हणून विहिरीकडची अर्धी बाग मीच तिला दिली. हे माझं मी लिहून ठेवते, कारण बाकी कुणाला ते आठवत नाही.

१५ जानेवारी

हायवेवरच्या नर्सरीतून दुहेरी जास्वंद आणली. रंग पिकल्या पपईच्या गरासारखा. पेणमध्ये कुणाकडे नाही, असं नर्सरीवाला म्हणाला. माझ्या खिडकीखाली लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला फाटकातूनच दिसेल अशी.

लतिका म्हणाली, "छान आहे गं ताई." आणि वांग्यांना आळी करायला निघून गेली.

२७ जानेवारी

हौसा आज दीड तास होती. गडबहून मिनिडोर रिक्षाने भाजीची टोपली घेऊन बाजारात येते. बाजार संपला की परत जाताना माझ्याकडे पाणी प्यायची तिची अकरा वर्षांची सवय. गेल्या जूनपर्यंत ती ओसरीवर माझ्याशी बोलत बसायची. आता टोपली ओसरीवर आणि बाई मागल्या दारी.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"लतिकाताय, वांग्याच्या बुडाला राख टाकलीस का गो?"

"टाकली की. तू म्हणालीस तशीच."

"तुजा हातच येगला हाय बाय. लावशील तां उगवतंय."

मला ती अजून 'बाई' म्हणते. अकरा वर्षं 'बाई'. आणि ही सात महिन्यांत 'ताय' झाली. बाई म्हणण्यात मान आहे, हे मला कळतं. तरी.

हौसा गेल्यावर लतिका गाणं गुणगुणत होती. गुणगुणली म्हणजे बरं वाटतंय तिला. चांगली गोष्ट आहे. मी मात्र डोकं दुखतंय म्हणून लवकर जेवून घेतलं. तिने विचारलं नाही का दुखतंय ते.

९ फेब्रुवारी

जास्वंदीला पहिली दोन फुलं आली. काळुराम कुंपणाशी थांबून बघून गेला. तो कारखान्यात मूर्ती घासतो, त्यामुळे त्याला रंगाची जाण आहे.

त्याला एक गोष्ट बोलले मात्र. जास्वंदीच्या पानांमागे बारीक पांढरट कण बसलेत, रव्यासारखे. म्हटलं, "तुमच्या प्लॅस्टरची धूळ माझ्या झाडावर येते." तो म्हणाला, "बाई, वारा तर तिकडून आमच्याकडे येतो." उलट उत्तर द्यायची सवय. पानं थोडी चिकट लागली. खोडावर मुंग्यांची रांग आहे. फुलांत गोडवा असेल.

१८ फेब्रुवारी

सकाळी सातला मागून हाक आली, "ताई! ताई, लवकर ये!"

किती दिवसांनी अशी हाक आली. मी ओला हात पदराला पुसत गेले. लतिका मिरचीजवळ उकिडवी बसली होती, चेहरा पांढरा. तिने फांदी हलवली तशी पानाखालून भुरकन माश्या उडाल्या, तांदळाच्या कणीएवढ्या, पांढऱ्याशुभ्र, आणि लगेच परत पानाखाली जाऊन बसल्या.

"हे काय आहे गं?"

"पांढरी माशी," मी म्हटलं. "दिसते माशीसारखी, पण माशी नाही. मावा-तुडतुड्याच्या कुळातली. पानामागे बसून रस पिते."

"मरेल झाड?"

"मी आहे ना."

तिने माझा दंड धरला. दोन्ही हातांनी. तिच्या हाताची माती माझ्या पातळाला लागली ती मी अजून धुतलेली नाही.

२० फेब्रुवारी

आजचा दिवस फार चांगला गेला.

लतिका फवारणीचं औषध आणते म्हणाली. मी म्हटलं, आपण जी भाजी खातो तिच्यावर विष नको, आणि त्या विषाने माशी खाणारे ढालकिडे आधी मरतात. तिला शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. मादी पानाच्या मागे अंडी घालते. पिल्लं खवल्यासारखी एका जागी चिकटून बसतात. अंड्यापासून उडणारी माशी व्हायला तीन आठवडे लागतात. म्हणून एकदा फवारून भागत नाही, दर पाचव्या-सहाव्या दिवशी महिनाभर फवारावं लागतं. ती खरोखर ऐकत होती. मध्येच म्हणाली, "तुझ्या वर्गातली मुलं नशीबवान."

मग दोघींनी मिळून केलं. पिवळ्या रंगाकडे ही माशी धावते, म्हणून मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे पिवळे रंगवले, त्यांना एरंडेल चोपडलं आणि काठ्यांना बांधून झाडांच्या उंचीवर टांगले. तासाभरात पुठ्ठ्यावर तीळ सांडल्यासारख्या माश्या. लतिका टाळ्या वाजवायला लागली. ऊन उतरल्यावर लिटरभर कोमट पाण्यात रिठ्याचा फेस केला, त्यात औषधाच्या टोपणाने मोजून पाच मिली कडुनिंबाचं तेल. मी पान उलटं धरायचं, तिने खालून पिचकारी मारायची. खालची फार भरलेली पानं खुडून साबणाच्या पाण्यात बुडवली.

अंधार पडेपर्यंत बसलो होतो. तिने महादेवच्या खूप गोष्टी सांगितल्या. हौसाला कधी सांगितल्या नसतील.

२४ फेब्रुवारी

हौसाने तिला सांगितलं, नुसतं साबणाचं घट्ट पाणी मार, पटकन मरतात. आणि हिने ते भर दुपारी बारा वाजता वांग्यांवर मारलं. चार झाडांची पानं करपली. मी काही बोलले नाही. मी सांगितलं होतं, एवढंच म्हटलं. दोनदा.

१ मार्च

माशी कमी झाली होती. पुठ्ठे जवळजवळ कोरे. लतिका खूश. म्हणाली, "आता तुला रोज बसायला नको ताई, माझं मी बघेन. तू तुझं वाचन कर."

मी पुस्तक उघडून बसले. मागे हौसा आणि ती हसत होत्या. काय एवढं हसण्यासारखं असतं वांग्यांत?

४ मार्च

माशी परत आली. पहिल्यापेक्षा जास्त. लतिका रडकुंडीला आली आहे. पुन्हा दोघी कामाला लागलो. मी निंबोळ्या कुटून भिजत घातल्या आहेत, उद्या गाळून अर्क करू.

माझी खात्री आहे की ही माशी रोह्याच्या रोपांबरोबर आली. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "जूनमध्ये आणली ती ताई. इतके महिने कुठे होती मग?" याचं उत्तर शोधायला हवं.

६ मार्च

हौसा आली तेव्हा लतिका बँकेत गेली होती. हौसा फाटकातून आत येताना माझ्या जास्वंदीपाशी थांबली. तिने एक पान उलटं केलं, मग दुसरं, मग फांदीच धरून गदागदा हलवली.

मी खिडकीत होते. असा ढग उठला की तिचा चेहरा दिसेना.

"बाई," ती म्हणाली, "माशी हितूनच जातंय. सगला झाड भरलाय बगा."

मी भिंग घेऊन बाहेर गेले. बत्तीस वर्षं मुलांना पानाची मागची बाजू बघायला शिकवलं. रवा नव्हता तो, प्लॅस्टरही नव्हतं. खवले. शेकड्यांनी. काही रिकामी टरफलं, म्हणजे त्यातली माशी उडूनही गेलेली.

"लतिकातायला सांगाला पायजे," हौसा म्हणाली.

"मी सांगते," मी म्हटलं. "तू नको बोलूस. मी सांगते तिला."

लतिका अकराला आली. आल्या आल्या पिशवी टाकून म्हणाली, "ताई, चल ना, अर्क गाळायचाय ना आपल्याला?" आपल्याला म्हणाली. मग गाळण्यात वेळ गेला, मग जेवणं. उद्या सांगेन.

८ मार्च

जास्वंदीवर फवारायला हवंच आहे. पण सध्या ती कळ्यांनी लगडली आहे आणि तेलाने कळ्या करपतात. फुलांचा बहर ओसरला की फवारेन. मग सांगायचीही गरज पडणार नाही, प्रश्नच मिटेल.

संध्याकाळी दोघी पाच ते सात मिरचीजवळ. ओल्या फडक्याने एकेक पान मागून पुसून घेतलं. लतिकाने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "तू नसतीस तर मी काय केलं असतं?"

११ मार्च

जास्वंदीला बहर संपण्याचं लक्षण नाही. वर्षभर फुलणारी जात आहे म्हणे.

पुठ्ठ्यावर आज खूपच माश्या. लतिका म्हणते, "इतकं करूनही येतात कुठून?" मी म्हटलं, आजूबाजूला सगळीकडे झाडं आहेत, वाऱ्याने येतात. हे शास्त्राला धरून आहे. वाऱ्याने येतातच.

रात्री आम्ही लहानपणीसारख्या एका ताटात जेवलो.

१४ मार्च

हौसाने मला ओसरीवर गाठलं. हळू बोलत होती, तरी मला भीती वाटली.

"सांगितलात, बाई?"

"सांगेन. तिची तब्येत नाजूक आहे."

"तब्येत बरी हाय तिजी. मिरची बरी नाय." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी तां झाड कापीत का नाय?"

मी म्हटलं, "हौसा, माझ्या घरात काय करायचं ते मला शिकवू नकोस."

अकरा वर्षांत मी तिच्याशी असं बोलले नव्हते. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली स्वतःच उचलून घेतली. एरवी मी हात लावते. पाणी न पिता गेली.

१९ मार्च

हौसा आली नाही. बाजार होता. लतिका दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. "बरी असेल ना गं?" म्हणाली. मी म्हटलं, शेतावर काम असेल. आता ओसरी अगदी शांत आहे. मला शांतता आवडते.

२२ मार्च

मधल्या मिरचीचे शेंडे वळले आहेत. पानं बारीक, वर वळलेली, मुठी आवळल्यासारखी. शेजारच्या झाडाचेही दोन शेंडे तसेच.

चुरडा-मुरडा. पांढरी माशी नुसता रस पीत नाही, एका झाडाचा रोग तोंडातून दुसऱ्या झाडाला देते. याला औषध नाही. ना सेंद्रिय, ना दुकानातलं. झाड उपटायचं, नष्ट करायचं, म्हणजे बाकीची वाचतील. दहावीच्या मुलांना मी हे फळ्यावर लिहून दिलंय.

लतिकाला म्हटलं, "पाण्याचा ताण पडला असेल." का म्हटलं कुणास ठाऊक. पटकन तेच आलं तोंडात.

२५ मार्च

दोन झाडं पूर्ण गेली. फुलं गळाली, लागलेल्या मिरच्या वाकड्या आणि खुरटलेल्या. आज तिला खरं नाव सांगावं लागलं. उपटावी लागतील तेही सांगितलं.

ती रडली नाही. मला वाटलं होतं, रडेल, मी जवळ घेईन. ती पायरीवर बसली आणि स्वतःचे हात पालथे-उलथे करून बघत राहिली.

"हौसा म्हणायची, माझा हात वेगळा आहे," ती म्हणाली. "वेगळाच आहे. यांना रोज मीच गोळ्या देत होते. वेळेवर देत होते ताई, एकही चुकवली नाही. तरी गेले. आता त्यांच्या मिरच्या. पाच-पाच दिवसांनी फवारलं, एकेक पान पुसलं. तरी गेल्या. माझ्या हातातच काहीतरी आहे. मी ज्याला जपते ते राहत नाही."

"असं काही नसतं," मी म्हटलं.

"मग काय असतं? तू सायन्सची बाई. सांग ना, काय असतं?"

मी आत गेले. दुधाला विरजण लावलं. तांदूळ निवडले. परत बाहेर आले तेव्हाही ती तशीच बसली होती, हात मांडीवर उपडे ठेवून.

२६ मार्च

सांगितलं.

सकाळी चहाच्या वेळी. मी म्हटलं, "लते, तुझ्या हातात काही नाही. माशी माझ्या जास्वंदीवरून येतेय."

"कशावरून?"

"मी पाहिलंय."

"कधी?"

खोटं बोलता आलं असतं. काल, म्हटलं असतं तरी चाललं असतं. "सहा तारखेला," मी म्हटलं.

ती कॅलेंडरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आज सव्वीस."

"हो."

"वीस दिवस तू माझ्याबरोबर बसून पानं पुसत होतीस."

"हो."

"मला वाटायचं, ताई माझ्यासाठी बसते."

"तुझ्यासाठीच बसत होते," मी म्हटलं. आणि ते खरं होतं, हेच मला तिला समजावून सांगता येईना.

"काल मी पायरीवर बसले होते तेव्हा तू आत काय करत होतीस?"

"तांदूळ निवडत होते."

तिने कप खाली ठेवला. आपटला नाही. आपटला असता तर बरं झालं असतं.

२७ मार्च

लतिका गेली. रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावाला, चंद्रावतीकडे. चंद्रावती तिची नणंद, महादेवची थोरली बहीण, नर्स होती, आता एकटीच असते. फोन केल्याबरोबर ये म्हणाली म्हणे.

जाण्याआधी लतिकाने दोन्ही रोगट मिरच्या स्वतः उपटल्या, पिशवीत घालून तोंड बांधलं. तिसऱ्या झाडापाशी बराच वेळ उभी होती. "हे नेलं तर वन्संच्या बागेत माशी जाईल," म्हणाली. "राहू दे इथेच."

"मी जपेन."

तिने बॅगा उचलल्या. मी एसटी स्टँडवर येते म्हटलं, तर म्हणाली, "नको ताई. दमशील." एवढी रागावली असूनही दमशील म्हणाली.

दुपारी मी जास्वंद कापली. कळ्यांसकट. प्रत्येक फांदी कापताना माश्या तोंडावर, डोळ्यांत येत होत्या. सगळं पोत्यात भरून उन्हात तोंड बांधून ठेवलं. काळुराम कुंपणाशी होता. "बाई, एवढी फुलणारी का तोडली?" मी म्हटलं, "प्लॅस्टरची धूळ नव्हती ती, काळुराम. मी चुकले." त्याला काही कळलं नसावं.

२ एप्रिल

तिसऱ्या झाडाभोवती चार काठ्या रोवून जुन्या मलमलच्या पातळाचं छप्पर केलं, बाजू खाली मातीत दाबल्या. सकाळी आत हात घालून पानं तपासते. शेंडे अजून सरळ आहेत. बाहेरच्या वांग्यांवर दर पाचव्या दिवशी निंबोळी. एकटीला पान उलटं धरून पिचकारी मारता येत नाही. पान दातात धरून बघितलं. कडू.

६ एप्रिल

फोन केला. चंद्रावतीने उचलला. लतिका अंघोळीला गेली आहे म्हणाली. सकाळी दहाला? ती सातला अंघोळ करते. माझ्याकडे सातला करायची.

१० एप्रिल

वांग्याच्या पानावर ढालकिडा. लाल, काळ्या ठिपक्यांचा. दोन दिवसांत पाच झाले. त्यांची अळी दिसायला भयंकर असते, काळी, काटेरी. पण एकेक खवला खाऊन साफ करते. मी त्या पानावर काही फवारलं नाही. अर्धा तास बघत बसले. दाखवायला कोणी नव्हतं.

१३ एप्रिल

गडबला गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा हौसाचं घर पाहिलं. हायवेपासून आत, खळ्याच्या कडेला. ती वालाची टरफलं पाखडत होती. मला बघून उठली नाही. नवरा गुणाजी आतून पाट घेऊन आला, तेव्हा म्हणाली, "बसा बाई."

मी बसले. म्हटलं, "हौसा, मी तुला वाईट बोलले. खरं तू सांगत होतीस."

ती सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "माजा काय जातंय? माजी मिरची थोडीच होती."

"मी लतिकाला सांगितलं सगळं."

"ठाव हाय."

"कसं?"

"फोन येतंय ना तिजा. दर आयतवारी."

दर रविवारी. मला अठरा दिवसांत एक नाही, आणि हिला दर रविवारी. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, हौसाने सूप खाली ठेवलं.

"बाई, एक सांगू? तुमची भैन आजारी होती ना, तवा तुमी लय बऱ्या दिसायच्या. ती बरी झाली आन तुमी आजारी पडल्या."

मी म्हटलं, मला काही आजार नाही. ती म्हणाली, "नाय तर नाय." निघताना तिने मला पाणी दिलं, आणि मी पिईपर्यंत उभी राहिली.

१५ एप्रिल

हौसाचं ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही. अडाणी बाईचं बोलणं.

१६ एप्रिल

अडाणी नाही. कालचं मी खोडत नाही, पण ते बरोबर नाही.

२९ एप्रिल

तिसऱ्या झाडावरच्या मिरच्या लाल झाल्या. मलमलमधून दिसतात. देठासकट नऊ काढल्या, सावलीत पसरल्या. झाड निरोगी आहे. मला कुणी तरी विचारावं असं वाटत होतं की हे कसं जमलं. कुणी विचारलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते वाटणंही कमी झालं.

४ मे

हे अष्टमीहून परत आल्यावर लिहिते आहे.

न कळवता गेले. रोह्याला उतरून पूल चालत ओलांडला. चंद्रावतीच्या घराच्या पायऱ्या चढताना आतून हसणं ऐकू आलं. लतिकाचं. मोठ्याने, खिदळत, मध्ये श्वास घेऊन परत. ती माझ्याकडे नऊ महिने होती आणि असं एकदाही हसली नाही. हौसाबरोबर हसायची, पण असं नाही. मी पायरीवरून मागे फिरले होते. खरंच फिरले होते. दोन पायऱ्या उतरलेही. तेवढ्यात चंद्रावतीनेच दार उघडलं, "अगंबाई, पद्मजाताई! लतिके, बघ कोण आलंय!"

लतिकाचे हात पिठाने भरलेले होते. केस नीट विंचरलेले, आखूड कापलेले. तिला शोभत होते. ते मी आधी कापू दिले नव्हते.

तिने "ये," म्हटलं. जेवायला वाढलं. चंद्रावती बोलत होती, आम्ही दोघी कमी. जेवण झाल्यावर चंद्रावती मुद्दामच शेजारी गेली असावी.

मी पिशवीतून मिरच्या काढून दिल्या. लतिकाने एक मोडून बघितली, बी मोजल्यासारखं निरखलं. "कशी वाचवलीस?" तिने विचारलं. मी पातळाचं सांगितलं. ढालकिड्यांचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मिरच्या खिडकीत ठेवल्या आणि म्हणाली, "ताई, मी इथेच राहणार आहे. रागाने नाही. इथे मला बरं वाटतं. वन्सं मला काम सांगतात, ओरडतातही. कुणी माझ्याकडे आजारी असल्यासारखं बघत नाही."

मला बोलायचं होतं की माझ्याकडे काय कमी होतं. ते वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. चाळीस वर्षांचं सवयीचं वाक्य. त्याऐवजी मी म्हटलं,

"लते, मला चंद्रावतीचा हेवा वाटतो."

असं मी उभ्या आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. या वहीलासुद्धा नाही. मागची पानं आत्ता चाळून बघितली. कुठेच तो शब्द नाही.

"हौसाचाही वाटायचा," मी म्हटलं. "तुझ्या मिरच्यांचासुद्धा. महादेव होता तेव्हा त्याचाही. तुला माझी गरज लागली की मला बरं वाटायचं. माशी आली तेव्हा मला आनंद झाला होता."

खाली कुंडलिका नदीच्या पाण्यावरून एक होडी गेली, ती पुलाखाली शिरून पलीकडे निघेपर्यंत आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो.

"मला माहीत होतं," लतिका म्हणाली. "माशीचं नाही. बाकीचं. लहानपणापासून माहीत होतं. तू सांगितलं असतंस तर मी तुझ्याजवळ जास्त बसले असते. त्यासाठी मला आजारी पाडायची गरज नव्हती."

मला रडू आलं. तिने मला जवळ घेतलं नाही. पाणी आणून दिलं आणि समोर बसून राहिली. चारची एसटी होती. निघताना "राहा" म्हणाली नाही. मीही थांबले नाही. पायऱ्यांपाशी आल्यावर म्हणाली,

"पुढच्या रविवारी येशील तेव्हा भाकरी करू की भात?"

मी म्हटलं, "तुम्ही दोघी जे खाल ते."

"वन्संना भात लागतो."

"मग भात कर," मी म्हटलं.